चाकाखालची वास्तू

आत्यानं नाव द्वारका ठेवलं खरं, पण साठी उलटेपर्यंत द्वारकाबाईंनी शेजारचं पैठणसुद्धा पाहिलं नव्हतं. मुकुंदवाडीच्या दोन खोल्या, सासूचं दुखणं, मुलाची शाळा, नळाचं पाणी आणि लग्नकार्यापुरतं माहेर, संपला प्रवास. आणि नवरा कोण, तर एसटीचा ड्रायव्हर! बन्सीराव आज नांदेडला, उद्या धुळ्याला, परवा सोलापूरला. घरी आले की पाय पसरून म्हणायचे, "काय नसतंय गं बाहीर. सगळीकडं तेच डांबर." पोट भरलेल्यानं उपाश्याला सांगावं की जेवणात काय ठेवलंय, तशातला तो प्रकार.

पुढं बन्सीराव रिटायर झाले, मुलाचं, बद्रीनाथचं लग्न झालं, दोन खोल्यांत दाटी व्हायला लागली. तेव्हा बाईंनी जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. "खोल्या पोराला द्या. आपल्याला चाकावरचं घर करा. तुम्ही हाका, मी खिडकीत बसते." बन्सीरावांना खरं तर आता झाडाखाली खाट टाकून पडायचं होतं. पण न मागणाऱ्या बाईनं एकदाच काही मागितलं की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

शाळेची एक जुनी बस भंगारात निघाली होती. मुबारक मिस्त्रीनं ती मिळवून दिली. मुबारक बसगाड्यांच्या बॉड्या बांधायचा आणि बन्सीरावांचा जुना दोस्त होता. त्यानं बसमध्ये मागं पलंग केला, मधे ओटा, टपावर पाण्याची टाकी. डाव्या खिडकीपाशी दोघांचं एक बाकडं तेवढं जुनं ठेवलं. "ये भाभी का रिझर्वेशन," म्हणाला, आणि पाठीवर रंगानं 'महिलांसाठी' असंही लिहिलं. बाईंनी ते कधी पुसू दिलं नाही.

कामाची चिंता नव्हती. हल्ली जिल्ह्यात डोंगरावर, धरणाकाठी तंबूंचे कॅम्प निघालेत. शहरातली माणसं सुट्टीला येतात, तंबूत झोपतात, चुलीवरचं खातात आणि ताजीतवानी होऊन परत जातात. अशा कॅम्पांना राखणीला एखादं वयस्क जोडपं हवंच असतं. बाईनं पिठलं-भाकरी बघायची, बाप्यानं मोटर आणि जनरेटर. पहिलं काम म्हैसमाळला मिळालं, काकासाहेबांच्या कॅम्पवर. पठाराच्या कडेला, एका उंबराजवळ बस उभी राहिली, आणि तिथंच पुढचं सगळं घडायला सुरुवात झाली.

बाईंना वास्तुशांत करायची होती. आता घर म्हटलं की वास्तुशांत आली, यात चूक काही नाही. वेरूळहून गुरुजी आले, त्यांनी बसला एक फेरी मारली आणि डोकं खाजवलं. "बाई, पूजा करू. पण तांब्याची वास्तुप्रतिमा असते ना, ती जमिनीत पुरायची असते. ती जिथं पुरली तिथं घर. तुमचं घर हलणारं. तुम्ही ती देव्हाऱ्यातच ठेवा."

"अर्धवट पूजा नको मला," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची वास्तू पुरलेली असती. आमचीच काय म्हून उघड्यावर?"

बाईंना विधीही पुरता हवा होता आणि घरही पळतं हवं होतं. गुरुजींनी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी त्यांनाही पुढच्या पूजेला जायचं होतं. बन्सीरावांनी मागच्या चाकापाशी, आग्नेयेला खड्डा खणला. दोघं जोडीनं पूजेला बसले, बाईंच्या पदराची आणि बन्सीरावांच्या उपरण्याची गाठ बांधलेली. वास्तुप्रतिमेची डबी खड्ड्यात गेली, वर माती पडली. बन्सीरावांनी ती दाबून दाबून बसवली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"लई फिरलो बाबा," ते म्हणाले. "आता माझा जीव इथंच. इथून मला कुणी हलवू नका."

"तुम्ही बसा इथं," बाई हसून म्हणाल्या. "माझे पाय काय आता एका जागी थांबायचे नाय."

"जपून बोला," गुरुजी म्हणाले. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

सगळे हसले. काकासाहेबांनी पेढे वाटले.

तो पावसाळा म्हैसमाळला सुखात गेला. बन्सीरावांना इतकं सुखी बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला ते बसच्या पायरीवर बसायचे, चाकापाशी एक पणती ठेवायचे आणि धुक्याकडं बघत बिडी ओढायचे. कुणी पाहुणा "काका, किती फिरलात हो?" म्हणाला तर म्हणायचे, "फिरलो कुठं? आत्ता तर पोचलो."

पण बाईंच्या खिडकीतून रोज तोच उंबर दिसत होता. चाकं असून काय उपयोग, देव्हारा मोठा आणि आत देवच नाही! दसरा झाला आणि त्या म्हणाल्या, "चला की आता." बन्सीरावांनी हातातली बिडी संपवली. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं." आयुष्यभर हे वाक्य बाईंनी त्यांना म्हटलं होतं. ते उलट्या बाजूनं ऐकताना त्यांना गोडही वाटलं आणि थोडं चोरट्यासारखंही.

निघताना बस हलेना. इंजिन ओरडत होतं, मागचं चाक जागच्या जागी रुतलं होतं. मग एकदम काहीतरी तुटल्यासारखा हिसका बसला आणि गाडी सुटली. बन्सीरावांनी घाट उतरेपर्यंत आरशातून नजर काढली नाही.

"कुणी राह्यलं का गं मागं?" त्यांनी विचारलं.

"आपण दोघंच तर हाव," बाई म्हणाल्या.

"व्हय. तेच म्हणतो."

पैठणजवळ, नाथसागराच्या काठावरच्या कॅम्पवर सांडू नावाचा मॅनेजर होता. हसरा, बोलघेवडा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी बाईंना पाणी दाखवलं. पलीकडचा काठ दिसेना एवढं पाणी पाहून बाई काठावरच बसून बघत राहिल्या. "हे काय बघता वहिनी," सांडू म्हणाला. "थंडी पडू द्या. रोहित पाखरं येतेत. हजारांनी. सगळं पाणी गुलाबी होऊन जातंय." त्या दिवसापासून बाई थंडीची वाट बघायला लागल्या. नव्या नवरीनंही दिवाळसणाची एवढी वाट बघितली नसेल.

पाखरं यायच्या आधीच ते सुरू झालं. एका संध्याकाळी दिवा लावून बाई वळल्या तर पायरी रिकामी. बन्सीराव कॅम्पाच्या फाटकाबाहेर, रस्त्यानं चाललेले. बाई धावत गेल्या.

"अहो, कुठं निघालात?"

"घरी."

"घरी म्हंजे? हे काय, हेच की घर."

बन्सीरावांनी वळून बसकडं बघितलं. नजर शांत होती, पण ओळख नव्हती तिच्यात. "ही गाडी हाय," ते म्हणाले. "गाडी लावली की माणसानं घरी जाऊ नये का?"

हात धरून आणलं तर मुकाट आले. सकाळी विचारलं तर काही आठवत नव्हतं. पण दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. एकदा तर सांडूनं मोटारसायकलवरून जाऊन बिडकीनच्या अलीकडून त्यांना परत आणलं. बद्रीनाथनं क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळं बरोबर. बन्सीरावांनी तर डॉक्टरलाच धुळ्याच्या गाडीचे सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवले. "डोक्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले. एरवी बाई यावर हसल्या असत्या.

पाण्याजवळ जोखीम नको म्हणून त्यांनी पाखरं न बघताच पैठण सोडलं. कन्नडच्या बाजूला जंगलाकडेच्या कॅम्पवर गेले. तिथंही दिवेलागण झाली की बन्सीराव उठायचे. पैठणला ते उत्तरेला निघायचे, इथं दक्षिणेला, वेरूळच्या रस्त्याला. बाईंना वाटलं दिशाभूल झाली असेल. मग संक्रांतीच्या सुमाराला लासूर स्टेशनजवळच्या एका मळ्यात हुरड्याच्या पाहुण्यांसाठी काम मिळालं, तर तिथं ते उगवतीला तोंड करून निघाले. बाई त्यांच्या मागं बांधावर उभ्या राहिल्या. समोर लांबवर डोंगराची निळी रेघ होती. म्हैसमाळचा डोंगर.

तेव्हा त्यांना उमगलं. कुठूनही निघू द्या, माणूस जात होता एकाच जागी.

आणि निव्वळ जात होता एवढंच असतं तर बाईंनी आयुष्य त्यांच्या मागं पळण्यात काढलं असतं. पण बन्सीराव दिवसेंदिवस कमी होत होते. दुसरा शब्द नाही त्याला. जेवण कमी, बोलणं कमी, अंगाची ऊब कमी. बिडी हातात धरायचे आणि पेटवायचं विसरायचे. रोज संध्याकाळी जेवढे जायचे तेवढे परत येत नव्हते. बाई रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपायच्या आणि मनात म्हणायच्या, मीच गं बाई, मीच हलवलं यांना.

त्यांनी एक उपाय काढला. पूजेचं ते उपरणं ट्रंकेतून काढलं. दिवेलागणीला ते बन्सीरावांच्या कमरेला बांधायचं, त्याच्या टोकाला आपला पदर गाठवायचा आणि तसंच चुलीपुढं बसायचं. हुरड्याला आलेल्या बायका बघून हसायच्या. "काकू, नवीनच लग्न झालं का?" बाईही हसायच्या, पण हात गाठीवरच असायचा.

त्या दिवशी पाहुणे पांगले होते. बाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, बन्सीराव शेजारी पाटावर. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि बाईंना पदर हलका लागला. बघितलं तर गाठ जशीच्या तशी, कमरेच्या गाठीसकट. उपरणं मातीत पडलेलं. आत माणूस नव्हता.

त्या उठतात न उठतात तोच फोन वाजला. म्हैसमाळहून काकासाहेब.

"वहिनी, बन्सीभाऊंना एकटंच कसं पाठवलं? इथं उंबराखाली येऊन बसलेत. पाणी दिलं तर घेईनात. बोलंनात."

"कधी आले?" बाईंनी विचारलं. आवाज आपला नसल्यासारखा निघाला.

"बराच वेळ झाला की."

तव्यावरची भाकरी अजून फुगली नव्हती. म्हैसमाळ तिथून गाडीनंही तासावर आहे. बाई तशाच पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. ज्वारीच्या पलीकडं, बांधावर बन्सीराव उभे होते. डोंगराकडं तोंड करून. बाईंनी हाक मारली, खांदा हलवला, गालावर चापट मारली. अंग दगडासारखं गार. डोळे उघडे आणि आत कुणी नाही. बाईंनी त्यांना मिठी मारली आणि मोठ्यानं रडल्या, मयत झाल्यावर रडतात तशा. बऱ्याच वेळानं बन्सीरावांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "पणती नव्हती गं तिथं. अंधार होता."

दुसऱ्याच दिवशी मुबारक मिस्त्री मुकुंदवाडीहून रेल्वेनं लासूरला आला. बस त्यानंच चालवली. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हसला नाही. "भाभी, गाडी मैंने बांधी," तो म्हणाला. "पत्रा, लाकूड, सगळं माझ्या हातचं. पण तुम्ही जमिनीत काय ठेवलं ते मला ठाऊक नाय. ते काढून घ्या सरळ. गाडीतच ठेवा."

बाईंच्याही मनात तेच होतं. डबी बरोबर असली की माणूसही बरोबर राहील आणि चाकंही फिरतील. मनुष्याचा लोभ सरणावरसुद्धा उठून बसतो, तो असा. उंबरापाशी बस थांबली आणि बाई कुदळ घेऊन उतरल्या. मागच्या चाकाची जागा अजून ओळखू येत होती. आजूबाजूला गवत वाळलेलं, तेवढी जागा ओली. बन्सीरावांना मुबारकनं पायरीवर बसवलं होतं. बाईंनी कुदळ उचलली आणि घाव घातला.

"अगं आई!" मागून आवाज आला. बन्सीराव छाती धरून वाकले होते. "हळू गं," ते म्हणाले. "लागतंय."

बाईंच्या हातातून कुदळ गळून पडली. त्यांनी गुडघे टेकून ती माती परत सारखी केली, हातानं थापली, लेकराला थोपटावं तशी. मग त्या उठल्या आणि मुबारकला म्हणाल्या, "गाडी होती तिथंच लावा. आन् चाकांची हवा सोडा."

"सगळ्या चाकांची?"

"सगळ्या."

मुबारकनं बस मागं घेतली, चाक नेमकं त्या जागेवर आणलं, आणि एकेका चाकाची हवा सोडली. प्रत्येक चाकाच्या फुसकाऱ्याबरोबर बस थोडी खाली बसत गेली. बाई तोंड फिरवून उभ्या होत्या. शेवटची हवा गेली आणि पायरीवरून खाकरल्याचा आवाज आला.

"चहा टाक की गं," बन्सीराव म्हणाले. "अद्रक घाल. कोण, मुबारक? कधी आला रे तू?"

हा त्यांचा जुना आवाज होता, सगळाच्या सगळा. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चहात मीठ घातलं, आणि तिघांनीही तो काही न बोलता प्यायला.

काकासाहेबांनी काम परत दिलं. बन्सीरावांचा गाल भरला, बिडी पेटली, पाहुण्यांपुढं थांब्यांची नावं म्हणून दाखवणं सुरू झालं. चाकापाशी पणती लागायला लागली. बाईंनी खिडकीकडं बघणं सोडलं. एवढंच द्यायचं होतं तर दिलं, त्या मनाशी म्हणायच्या. नवरा मिळाला. रोहित पाखरं काय, ती फोटोतही दिसतात. असं म्हणत त्या खिडकीकडं पाठ करून भाकऱ्या थापायच्या.

शिवरात्र झाल्यावर एका दिवशी त्यांनी नेहमीसारखा दिवा लावला, हात जोडले. पुढचं आठवतं ते असं, की पायाखाली डांबर होतं. त्या घाटाच्या वळणावर उभ्या होत्या, अनवाणी, हातात कपड्यांची पिशवी. मागून कुणीतरी धापा टाकत हाका मारत होतं. "द्वारके! अगं ए द्वारके!"

बन्सीराव जवळ आले. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी दम घेतला. "कुठं निघाली?"

बाईंनी पिशवीकडं बघितलं. ती कधी भरली, त्यांना ठाऊक नव्हतं. "गाडी सुटल ना," त्यांच्या तोंडून निघालं, आणि ते ऐकून त्याच घाबरल्या.

बन्सीराव रागावले नाहीत. त्यांनी पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोघं माघारी वळले. बसजवळ आल्यावर त्यांनी चाकाखालच्या मातीकडं बघितलं, मग बाईंच्या पायांकडं, आणि बाईंना कळलं की त्यांनाही ते आठवलंय. दोघांनी आपापलं मागणं इथं उभं राहूनच मागितलं होतं. वास्तू काही पंच नव्हे, की याचं खरं आणि तिचं खोटं करील. नवरा-बायकोचं भांडण तिला कळत नाही. ती आपली दोघांनाही हो म्हणते.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तसे बन्सीराव आत आले. त्यांनी ट्रंक उघडली, उपरणं काढलं आणि खिडकीच्या बाकड्यावर बाईंच्या शेजारी येऊन बसले. बाईंचा पदर घेतला. स्टेअरिंगवर जन्म गेलेले ते जाड हात. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"लई घट्ट झाली का?"

"नाय," बाई म्हणाल्या. "असू द्या."

बाहेर पणती जळत होती. उंबर होता तिथं होता. बाकड्याखाली बाईंचे पाय आपले आपण हलत होते, थांबवले तरी थांबत नव्हते. बन्सीरावांनी त्यांवर आपला पाय ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. बन्सीरावांनी नाव बघितलं आणि कानाला लावला. पैठणच्या सांडूचा आवाज खणखणीत होता, बाईंनाही सगळं ऐकू आलं.

"बन्सीभाऊ, वहिनी एकट्याच कशा आल्या हो? पाण्याच्या कडंला उभ्या हायेत. हाका मारतोय तर वळूनसुदिक बघंनात."

बन्सीरावांनी गाठ मुठीत धरली. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी त्यांच्या मुठीवर हात ठेवला. तो हात गार पडत चालला होता.

"विचारा न् त्यांना," त्या हळूच म्हणाल्या, "पाखरं हायेत का अजून?"